चुली वेगळ्या, सातबारा एक

आमच्या घराची वाटणी झाली त्या वर्षी मी नववीत होते. आजोबांच्या अकरा एकरांचे चार पोटहिस्से पडले, बांध घातले गेले, ओट्यावरची एक चूल होती तिच्या चार झाल्या. विहीर मात्र वाटता येईना. ती सातबाऱ्यावर 'सामाईक' म्हणून राहिली आणि पाण्याच्या पाळ्या ठरल्या. कुणाची पाळी कधी सुरू होते, कधी संपते, यावरून पुढची कितीतरी वर्षं आमच्याकडे भांडणं झाली.

त्याच सुमारास आमच्या जुन्नर तालुक्यात, खोडदच्या माळावर, रेडिओ दुर्बिणीच्या त्या प्रचंड डिशा उभ्या राहत होत्या. काँक्रीटच्या बुरुजावर लोखंडाचा सांगाडा, सांगाड्याला ताणलेल्या तारा आणि तारांवर जाळी. लांबून पाहिलं की कुणीतरी आभाळाखाली धरलेली चाळण वाटायची. पुढे पुढे त्या एकेक करत नारायणगावच्या अंगाला, मंचरच्या अंगाला, टोमॅटो-कांद्याच्या वावरांमधूनही दिसायला लागल्या. फाट्यावर पाटी लागली, तिच्यावर टाटांचं नाव. आम्हाला टाटा म्हणजे ट्रक ठाऊक आणि मीठ ठाऊक. थोरले चुलते पाटी वाचून म्हणाले होते, "आता इथं मीठ काढतात का बघू." कुणाला हसू आलं नाही, कारण कुणाकडे त्याहून बरं उत्तर नव्हतं.

आता मी कल्याणला असते. मराठी शाळेत विज्ञान शिकवते. दरवर्षी सातवी-आठवीतल्या पोरांना घेऊन विज्ञान दिनाला खोडदला जाते. एका वर्षी परतीच्या बसमध्ये एका मुलीने विचारलं, "बाई, तुम्ही ट्रेनिंगला मानखुर्दला जाता ते पण यांचंच ना? आणि कुलाब्याला समुद्राजवळ आहे ते? आणि पेपरात फुग्यांची बातमी येते ते? मग हे एवढं लांब लांब का? एकाच जागी का नाही बांधलं?"

मी तेव्हा काहीतरी गुळमुळीत बोलले. पण प्रश्न डोक्यात राहिला. टाटा मूलभूत संशोधन संस्था, सगळे जिला टीआयएफआर म्हणतात, तिचा तक्ता मी घरी येऊन उघडून पाहिला. वर नियामक परिषद, मग संचालक, खाली तीन विद्यालयं: गणित, निसर्गविज्ञान, आणि तंत्रज्ञान व संगणकशास्त्र. निसर्गविज्ञानाच्या पोटात खगोल, उच्च ऊर्जा, अणुकेंद्र, घन पदार्थ, सैद्धांतिक भौतिकी, रसायन, जीवशास्त्र असे विभाग. बाजूला केंद्रांची रांग, आणि त्याखाली क्षेत्रीय स्थानकं. तक्ता अगदी बरोबर होता, पण त्याने पोरीच्या प्रश्नाला हातसुद्धा लावला नव्हता. तक्त्यात खोडद आणि कुलाबा यांच्यामध्ये एक बोटभर रेघ असते. ते अंतर एसटीत बसून कापलेल्या माणसाला त्या रेघेवर विश्वास ठेवणं जड जातं.

मग मी तक्ता बाजूला ठेवला आणि भारताचा नकाशा घेतला. कोण कुठे आणि का गेलं ते त्याच्यावर टिंबं देत बघत बसले. तो नाद अजून सुटलेला नाही.

सुरुवात अगदीच लहान आहे. होमी भाभांनी १२ मार्च १९४४ ला सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहिलं. अणुऊर्जा वापरात येईल तेव्हा देशाला तज्ज्ञ बाहेरून आणायला लागू नयेत, इथेच तयार मिळावेत, असा त्या पत्राचा मुद्दा. अणुबाँब अजून पडायचा होता, स्वातंत्र्यही यायचं होतं. १९४५ च्या जूनमध्ये बंगळूरला भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात काम सुरू झालं आणि त्याच वर्षअखेरीला बिऱ्हाड मुंबईत आलं, पेडर रोडवरच्या 'केनिलवर्थ' नावाच्या बंगल्यात. भाभांचा जन्म याच बंगल्यातला. म्हणजे संस्था अक्षरशः घरात सुरू झाली. १९४९ ला ती गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात गेली आणि कुलाब्याच्या टोकाला, नेव्ही नगरच्या पलीकडे, आजची इमारत उभी राहून तिचं उद्घाटन झालं ते १९६२ च्या जानेवारीत, पंडित नेहरूंच्या हस्ते.

या सतरा वर्षांत भाभांनी एक रीत पाडली. आधी खुर्च्या आखायच्या आणि मग त्यांत बसायला माणसं शोधायची, असं करायचं नाही. आधी माणूस बघायचा. तो खरोखर दमाचा असेल तर त्याच्याभोवती विभाग वाढू द्यायचा. जर्मनीतल्या संशोधन संस्थांची ही पद्धत त्यांच्या डोळ्यांपुढे होती. सरकारी कामकाज जवळून पाहिलेल्या कुणालाही हे उलटं वाटेल. आमच्या शाळेत आधी पद मंजूर होतं, माणूस चार वर्षांनी येतो, आणि तोवर ते पद रद्द झालेलं असतं.

या रीतीमुळेच भौतिकीच्या संस्थेत १९६२ साली रेणवीय जीवशास्त्र शिरलं. भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांच्या शिफारशीवरून ओबेद सिद्दिकी नावाचा तरुण आला, त्याच्यासाठी एक छोटा गट निघाला, आणि तीस वर्षांनी त्याचंच बंगळूरचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र झालं. तक्त्यात हे केंद्र एका चौकोनात दिसतं. तो चौकोन एका माणसाला दिलेल्या खोलीपासून सुरू झाला, हे तक्ता सांगत नाही.

पण माझ्या जिव्हाळ्याची गोष्ट रेडिओ खगोलशास्त्राची आहे, कारण ती माझ्या सासरहून माझ्या माहेराला जाते.

१९६१ मध्ये परदेशात काम करणाऱ्या चार भारतीय खगोलशास्त्रज्ञांनी मिळून भारतात पत्रं पाठवली. आम्ही परत यायला तयार आहोत, आम्हाला रेडिओ दुर्बिणीचं काम करू द्याल का? भाभांची तार आली: गट काढायचं ठरलं आहे. चौघांपैकी गोविंद स्वरूप १९६३ मध्ये येऊन रुजू झाले. ऑस्ट्रेलियाने भेट दिलेल्या बत्तीस लहान डिशा देशात येऊन पडल्या होत्या, प्रत्येकी जेमतेम सहा फुटांची. त्या डिशा घेऊन १९६५ मध्ये पहिली दुर्बीण उभी राहिली ती कल्याणला. माझ्या कल्याणला! इथे मी पंधरा वर्षं लोकल पकडतेय, पण या गावाने सूर्याचे रेडिओ तरंग ऐकले होते हे मला स्टेशनवर, शाळेत, भाजीबाजारात कुणी कधी सांगितलं नाही. दुर्गाडी किल्ला सगळे सांगतात.

कल्याणनंतर उटी. इथे मला या लोकांची खरी अक्कल दिसते. उटीजवळ मुथोराईला एक डोंगरउतार आहे, उत्तर-दक्षिण पसरलेला, आणि त्याचा चढ सुमारे अकरा अंशांचा. त्या जागेचा अक्षांशही अकराच. म्हणजे त्या उतारावर लांबट दुर्बीण आडवी टाकली की तिचा कणा पृथ्वीच्या आसाला आपोआप समांतर होतो. मग आकाशातल्या एखाद्या स्रोताचा माग काढायला दुर्बीण फक्त त्या कण्याभोवती वळवत राहायची, आणि सलग साडेनऊ तास तो स्रोत डोळ्याआड होत नाही. ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असं हे धूड १९७० मध्ये तयार झालं. एवढी अवजड गोष्ट दोन दिशांना फिरवायची यंत्रं परवडणारी नव्हती. मग त्यातल्या एका दिशेचं काम डोंगराकडून करून घेतलं. मी उटीला लग्नानंतर सहलीला गेले होते तेव्हा चॉकलेटं आणि निलगिरीचं तेल घेऊन परत आले. दहा वर्षांनी पुन्हा गेले ती खास तो उतार बघायला. रस्त्यावरून दिसला तेवढाच पाहिला. नवरा म्हणाला, "डोंगर बघायला माणूस उटीला येतोच की." मी म्हटलं, हा डोंगर नोकरीला आहे.

आणि मग खोडद. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस डिशा. चौदा डिशा साधारण एक चौरस किलोमीटरच्या मधल्या चौकात, उरलेल्या इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फांद्यांवर चौदा चौदा किलोमीटरपर्यंत. पूर्वेला पाच, दक्षिणेला पाच, पश्चिमेला सहा. सगळ्यांचे संकेत ऑप्टिकल फायबरने खोडदच्या इमारतीत येतात आणि तिथे एकमेकांत मिसळतात, म्हणजे पंचवीस किलोमीटर पसरलेल्या एकाच दुर्बिणीने पाहिल्यासारखं होतं. डिशांना क्रमांक आहेत. मधल्या चौकातल्या सगळ्या सी, सी-०० पासून सी-१४ पर्यंत. पोरांनी नकाशावर मोजून शोध लावला की सी-०७ नाहीच. पूर्वेला ई-०१ नाही, दक्षिणेला एस-०५ नाही. आमच्या गावातही गट नंबर असेच मधले गायब असतात, त्यामुळे मला त्याचं काही वाटलं नाही. पोरं मात्र दिवसभर हरवलेली सातवी डिश शोधत होती.

आमचाच माळ का, याचं उत्तर मला फार उशिरा कळलं. रेडिओ दुर्बिणीला अंधाराची गरज नसते, शांतता लागते. टीव्ही, मोबाइल, कारखाने, गाड्यांच्या ठिणग्या हा सगळा तिच्या लेखी गोंगाट. आमच्या भोवतालचे डोंगर मुंबई-पुण्याचा गोंगाट अडवतात. अक्षांश असा की दक्षिणेचं बरंचसं आकाशही दिसतं, आणि चुंबकीय विषुववृत्तापासून इतकं लांब की आयनांबर, म्हणजे वातावरणातला वरचा विद्युतभारित थर, फार खवळलेला नसतो. शिवाय पुणं ऐंशी किलोमीटरवर, म्हणजे सुटा भाग, वेल्डर, प्राध्यापक असं काहीही दोन तासांत मिळतं. माझ्या वडिलांनी 'इथं काही होत नाही' म्हणून आयुष्यभर ज्या जागेला नावं ठेवली, ती नेमकी त्या गुणासाठी निवडली गेली होती.

आणि ती चाळण! एवढी मोठी डिश पत्र्याची केली असती तर वाऱ्याने उलथली असती किंवा तिला पेलायला दुप्पट लोखंड लागलं असतं. स्वरूप यांच्या चमूने दोरखंड ताणून त्यांवर स्टेनलेस स्टीलच्या अर्ध्या मिलिमीटरच्या तारेची जाळी बसवली. रेडिओ लहरी लांब असतात, त्यांना जाळीची भोकं दिसत नाहीत. वारा आरपार जातो. खर्च कमी, वजन कमी. खळ्यावर धान्य वारवणाऱ्या माणसाला ही युक्ती समजावून सांगावी लागत नाही.

तर कल्याण, उटी, खोडद अशी ही पालं हलत गेली, आणि पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र झालं. चूल वेगळी झाली. सातबारा मात्र कुलाब्याचाच राहिला.

बाकीची टिंबंही अशीच पडलेली. प्रश्नाला जागा लागते, आणि ती जागा कुलाब्यात मिळेलच असं नाही. अवकाशातून बरसणाऱ्या कणांचा, म्हणजे विश्वकिरणांचा, मारा चुकेल आणि सहसा कशालाही न अडणारे न्यूट्रिनो नावाचे कणच तेवढे येतील अशी जागा हवी होती, तर लोक कोलारच्या सोन्याच्या खाणीत उतरले, सव्वादोन किलोमीटरच्याही खाली. १९६५ मध्ये जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसोबत त्यांनी तिथे वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोच्या खुणा टिपल्या. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या एका सोन्याच्या खाणीतही दुसऱ्या गटाला तेच गवसलं. सोनं काढायला खणलेल्या भोकांचा यापेक्षा चांगला उपयोग मला माहीत नाही. पण कोलारची प्रयोगशाळा भाडेकरू होती. खाणच आचके द्यायला लागली तेव्हा प्रयोगही गुंडाळावे लागले. ज्याच्या घरात राहायचं त्याच्या नशिबाला बांधून घ्यायचं, हा या विखुरण्यातला तोटा, आणि तो मोठा आहे.

विश्वकिरणांचंच दुसरं बिऱ्हाड उटीला, २२०० मीटर उंचीवर. तिथल्या ग्रेप्स-३ प्रयोगात सहा मीटर लांबीच्या लोखंडी चौकोनी नळ्या एकावर एक रचल्या आहेत, ३७१२ नळ्या. कोलारच्या खाणीतल्या प्रयोगात याच जातीच्या नळ्या होत्या. या नळ्या म्युऑन नावाचे कण मोजतात. १ डिसेंबर २०१४ ला उटीवर वादळी ढग आला आणि म्युऑनांची संख्या अठरा मिनिटं जराशी घटली. तेवढ्या घटीवरून हिशेब करत या मंडळींनी ढगातला विद्युतदाब काढला: सुमारे १३० कोटी व्होल्ट. ढगाकडे कुणी शिडी लावली नव्हती. दूरच्या ताऱ्यांसाठी मांडलेल्या नळ्यांनी डोक्यावरून जाणारा ढग तोलला.

फुग्यांची गोष्ट तर पोरांची सर्वांत आवडती. हैदराबादला संस्थेचं फुगे सोडण्याचं केंद्र आहे. ती जागा चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ असल्याने पृथ्वीचं चुंबकत्व कमी ऊर्जेचे कण बाहेरच अडवतं, आणि वर गेलेल्या उपकरणाला फालतू कणांचा त्रास कमी होतो. पातळ प्लास्टिकचे, हायड्रोजन भरलेले, पन्नास ते पंच्याऐंशी मीटर व्यासाचे फुगे तीस-चाळीस किलोमीटर वर जातात. काम झालं की उपकरणं पॅराशूटने खाली. आता ती कुठे पडतील? वारा नेईल तिथे. म्हणून सोडण्याआधी जाहीर सूचना निघते, तीत आपल्या जिल्ह्यांची नावं असतात: नांदेड, लातूर, सोलापूर, यवतमाळ, चंद्रपूर. शेतात पॅराशूट आणि पेटी दिसली तर उघडू नका, हलवू नका, पोलीस ठाण्यात किंवा पोस्टात कळवा, योग्य ते बक्षीस मिळेल. हे मी वर्गात वाचून दाखवते तेव्हा एखादा पोरगा हमखास विचारतो, बक्षीस किती? संस्थेच्या प्रयोगशाळेची हद्द कुठवर, असा प्रश्न मला कुणी केला तर मी म्हणेन, लातूरच्या तुरीच्या वावरापर्यंत.

हे सगळं बाहेरचं झालं. मग कुलाब्यात काय उरलं? मलाही हीच शंका होती. एका विज्ञान दिनाला तिथे पोरांना घेऊन गेले. शिरताच दालनात चित्रकार हुसेन यांचं भलंमोठं भित्तिचित्र, मग लांबच लांब बोळ, बोळाच्या भिंतींवर चित्रं, आणि खिडकीबाहेर हिरवळ उतरत उतरत समुद्रापर्यंत गेलेली. पोरं म्हणाली, बाई, हे हॉटेल आहे. खोल्यांना ए, बी, सी अशा विभागांची अक्षरं. बुधवारी दुपारी सगळ्या विभागांसाठी मिळून एक व्याख्यान असतं, गणितवाल्याने जीवशास्त्रवाल्याचं ऐकायचं. किती जण झोपतात ते मला माहीत नाही, पण आमच्या शाळेत दर शनिवारी असं काही ठेवलं तर निदान भूगोलाच्या सरांशी माझं बोलणं होईल.

मला मात्र त्या दिवशी आमची विहीर सापडली. तिथे एक विभाग आहे, ज्याचं स्वतःचं संशोधन नाही असं म्हटलं तरी चालेल. त्याचं काम इतरांना द्रवरूप नायट्रोजन आणि द्रवरूप हेलियम पुरवणं. हेलियम उणे २६९ अंशांना द्रव होतो. तो आपल्याकडे पिकत नाही, बाहेरून येतो आणि महाग असतो. म्हणून प्रयोगशाळेत वापरून त्याचा वायू झाला की तो हवेत सोडायचा नाही. परत गोळा करायचा, शुद्ध करायचा, पुन्हा द्रव करायचा, पुन्हा वाटायचा. पाणी पाटाने शेतात जावं आणि संध्याकाळी परत विहिरीत यावं, तसं. माहिती देणारे गृहस्थ मराठी होते. त्यांना मी विचारलं, "पाळ्या असतात का?" ते हसून म्हणाले, "पाळ्या असतात, आणि पाळ्यांवरून भांडणंही असतात." मला एकदम माहेरी आल्यासारखं झालं.

याच शीत तापमानाच्या कामातून २०१६ च्या अखेरीस एक निकाल आला. शुद्ध बिस्मथ हा धातू, जो अतिवाहक होईल, म्हणजे वीज विनाअडथळा वाहू देईल, असं कुणाला वाटत नव्हतं, तो निरपेक्ष शून्याच्या वर फक्त ०.५३ मिलिकेल्विन एवढ्या थंडीत अतिवाहक होतो. एका अंशाचे जवळजवळ दोन हजार तुकडे केले तर त्यातला एक. तिथवर पोचायला लागणारं यंत्र बाजारात आयतं मिळत नाही. कुणीतरी लेथवर भाग कापतो, कुणीतरी काच फुंकतो, कुणीतरी गळती शोधत रात्र काढतो. कार्यशाळा, काचकाम, हेलियम ही तक्त्यात तळाशी 'सेवा' म्हणून लिहिलेली असतात. मी तक्ता काढला असता तर ती मधोमध ठेवली असती.

तिथेच पेलेट्रॉन आहे, उभ्या मनोऱ्यातला त्वरक, म्हणजे कणांना वेग देणारं यंत्र. धातूच्या गोळ्यांची माळ रहाटगाडग्यासारखी फिरत राहते आणि विद्युतभार वर नेऊन ओतते, चौदा दशलक्ष व्होल्टपर्यंत. १९८८ पासून तो चालतो आणि तो भाभा अणुसंशोधन केंद्राशी भागीत आहे. दोन घरांची एक गिरणी.

मानखुर्दबद्दल मी तटस्थ राहू शकत नाही, कारण मी तिथली लाभार्थी आहे. भौतिकीच्या संस्थेने शालेय विज्ञान शिक्षणाचं केंद्र काढावं, याचं मला अजून नवल वाटतं. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ साली सुरू झालं, तेही ऐटबाज इमारतीत नव्हे, तर मुंबईत नाना चौकातल्या महापालिका शाळेच्या खोल्यांत. व्ही. जी. कुलकर्णी त्याचे पहिले संचालक, मूळचे भौतिकीचे. पुढे जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याला या मंडळींनी जिल्हा परिषदेच्या शाळांत काम केलं. त्यांनी तपासलेल्या गोष्टींपैकी एक माझ्या फार जवळची: पोरांना विज्ञान जड जातं की विज्ञानाच्या पुस्तकाची भाषा जड जाते? भाषा सोपी केली तर पोरं पुढे सरकतात, असं त्यांना दिसलं. हे वाचलं तेव्हा मी वर्गात 'प्रवेग म्हणजे वेगबदलाचा दर' असं फळ्यावर लिहून पाठ करून घेणारी बाई होते. आता आधी एसटीचा ब्रेक आणि उभ्या माणसाची तारांबळ येते, व्याख्या नंतर. एवढं असून याच संस्थेतले बहुतेक फलक, सूचना आणि व्याख्यानं आमच्या पोरांच्या डोक्यावरून जातात ती जातातच. खिरोद्याचं शहाणपण कुलाब्याच्या बोळांत अजून पुरतं पोचायचं आहे, असं माझं मत.

आणि एक दुखरी जागा. 'आधी माणूस' ही रीत सगळ्या माणसांना सारखी लागू पडली का? गोव्यात कोसबेनला जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी संस्थेच्या पहिल्या गणितज्ञांपैकी. पुण्याहून रोज दख्खनच्या राणीने मुंबईला येत. घाटात गाडी चढताना त्यांचं डोकं गणितात असे की कार्ल्याच्या लेण्यांत, कोण जाणे. नाण्यांची वजनं, अश्मयुगातली इवली दगडी हत्यारं, जुन्नर-नाणेघाटाच्या व्यापारी वाटा, हे सगळं त्यांनी त्याच आयुष्यात बसवलं. १९४९ नंतर के. चंद्रशेखरन यांनी गणिताचं विद्यालय जगात नाव घेतलं जाईल असं बांधलं. त्याची शिस्त वेगळी होती आणि कोसंबी तिच्यात बसले नाहीत. १९६२ मध्ये त्यांचा करार पुढे चालू ठेवला गेला नाही. तेच वर्ष कुलाब्याच्या इमारतीच्या उद्घाटनाचं, तेच सिद्दिकींच्या येण्याचं. मी कुणाची बाजू घ्यायला तिथे नव्हते. पण माझ्या तालुक्याच्या लेण्यांकडे व्यापाऱ्यांच्या नजरेने बघायला शिकवणारा माणूस त्या तक्त्यात कुठल्या चौकोनात बसला असता, हे मी अजून शोधते आहे.

जे बसलं नाही किंवा मावलं नाही, ते पुष्कळदा बाहेर जाऊन मोठंही झालं. अणुऊर्जेचं काम वाढलं, ते तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, गेलं. सूक्ष्मलहरींच्या गटातून 'समीर' ही संस्था निघाली. देशातच घडवलेला पहिला इलेक्ट्रॉनिक डिजिटल संगणक, टिफ्रॅक, इथलाच, आणि सॉफ्टवेअरचं राष्ट्रीय केंद्र पुढे याच अंगणातून वेगळं झालं. या सासरी गेलेल्या लेकी. त्यांचं नाव बदललं. बंगळूरचं सैद्धांतिक विज्ञानांचं केंद्र, तिथलंच उपयोजित गणिताचं केंद्र, हैदराबादचा नवा परिसर हे मात्र घरातच राहिलेले, वेगळ्या चुलीचे. कुणाला पाठवायचं आणि कुणाला ठेवून घ्यायचं याचा नियम मला सापडलेला नाही. आमच्या घरातही तो कधी नव्हता.

गेल्या दिवाळीत माहेरी गेले होते. भाऊ सांगत होता, दुर्बिणीचे लोक जीपवर अँटेना लावून आले होते. कुठूनतरी खरखर येत होती. गोंगाटाचा माग काढत ते बांधाबांधाने फिरत आमच्या सामाईक विहिरीवर येऊन थांबले. मोटारीचा स्टार्टर जुनाट झालेला, आत ठिणग्या पडत होत्या. आम्हाला ते दिसतही नव्हतं, आणि कोट्यवधी वर्षं चालून आलेल्या हायड्रोजनच्या कुजबुजीत ते मिसळत होतं. त्यांनी समजावून सांगितलं, चहा घेतला आणि गेले.

त्या दिवशी चारही घरची माणसं विहिरीवर जमली, किती वर्षांनी कोण जाणे. स्टार्टर कुणी बदलायचा? ज्याच्या पाळीत ठिणगी दिसली त्याने, की सगळ्यांनी? थोरल्या चुलत्यांचा मुलगा म्हणाला, विहीर सामाईक आहे, मोटार सामाईक आहे, मग खरखरही सामाईकच. नवा स्टार्टर आला, बसला, खरखर थांबली. पैसे भावाने भरले. धाकट्या चुलत्यांच्या वाट्याचे साडेचारशे रुपये अजून यायचे आहेत, असं तो परवाही फोनवर म्हणाला.